जळगाव ते सारंगखेडा एकाच लेन्सवर: पहिली ऑलराउंडर झूम कशी घ्यायची

कॅमेरा घेऊन तीन-चार महिने झाले की प्रत्येकाला एकच खाज सुटते, किटमधली, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ पुरत नाही, आता दुसरी लेन्स पाहिजे. मग एक मित्र सांगतो ३०० पर्यंत तरी जाणारी घेच, दुसरा म्हणतो झूम-बिम सोड, प्राइम (झूम न होणारी) घे, दुकानदार त्याच्याकडे पडून असलेली दाखवतो आणि आपण रात्री दोनपर्यंत यूट्यूबवर रिव्ह्यू बघत बसतो. माझ्याकडे पण दर महिन्याला एखादं पोरगं हाच प्रश्न घेऊन येतं, म्हणून म्हटलं एकदाचं सगळं लिहूनच टाकावं. हे फक्त फिरताना कॅमेऱ्यावर कायम राहणाऱ्या एका लेन्सबद्दल आहे. लग्नाच्या ऑर्डरी आणि हतनूर धरणावरचे पक्षी हा वेगळा धंदा, त्याला वेगळं सामान लागतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, पटलं नाही तर पुढचं वाचू नका. लेन्स किती लांबचं ओढते हे सगळे विचारतात, पण फिरताना कामाला येतं ते ती किती रुंद घेते, किती जवळून घेते आणि दिवसभर गळ्यात राहते का.

पायरी १: महिनाभर काहीच घ्यायचं नाही

हो, खरंच. आहे त्याच १८-५५ वर महिनाभर काढा. मेहरूण तलावावर सकाळी, सुभाष चौकात संध्याकाळी, गावाकडे गेलात तर केळीच्या बागेत, जे दिसेल ते काढा. मग सगळे फोटो मोबाईलमध्ये किंवा कॉम्प्युटरवर उघडा आणि प्रत्येक फोटोच्या डिटेल्समध्ये जाऊन फोकल लेंथ (आकडा लहान तितकं रुंद, मोठा तितकं लांबचं) बघा, १८ एमएम, ३५ एमएम असं काहीतरी लिहिलेलं असतं. वहीत तीन रकाने करा, एकात १८ ते २४, दुसऱ्यात २४ ते ४५, तिसऱ्यात ४५ ते ५५, आणि रेघा मारत जा. कंटाळवाणं काम आहे पण अर्ध्या तासात होतं आणि फुकट आहे.

पहिला रकाना भरला तर तुम्हाला अजून रुंद लेन्स पाहिजे, १५ किंवा १६ पासून सुरू होणारी. तिसरा भरला तर लगेच उड्या मारू नका, ते फोटो परत एकेक करून बघा आणि स्वतःला विचारा की इथे दोन पावलं पुढे गेलो असतो तर काम झालं असतं का. माझे मी मोजले तेव्हा ५५ वाल्यांमध्ये बहुतेक ठिकाणी मी नुसता लाजत लांब उभा होतो, भाजीवाल्या मावशींना विचारायची हिंमत नव्हती म्हणून. त्याला लेन्सचं औषध नाही. पण घाटाच्या पलीकडची बाजू, मिरवणुकीतला पुढचा माणूस, झाडावर बसलेला पोपट, असे फोटो जास्त निघाले तर मात्र तुम्हाला खरंच लांबची लेन्स पाहिजे.

पायरी २: कॅमेऱ्याचं नाव आणि माउंट नीट बघून घ्या

इथे घाईत पैसे बुडतात. माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची जागा. लेन्स एका माउंटची, कॅमेरा दुसऱ्या, की बसतच नाही. जुन्या कॅनन डीएसएलआरला (आत आरसा असलेले कॅमेरे) ईएफ लेन्स चालतात, आणि फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचे, सोडले तर ईएफ-एस पण. नवीन आर५०, आर१० वगैरे आरएफ माउंटचे आहेत, त्यांना या जुन्या लेन्स अडॅप्टर लावून मस्त चालतात, पण उलटं होत नाही, आरएफ लेन्स डीएसएलआरवर बसत नाही. एम५० वाल्यांचं माउंट तिसरंच, ईएफ-एम, त्या लेन्स उद्या आर५० घेतला तर त्यावर जाणार नाहीत, म्हणून तिथे फार पैसे घालू नका.

निकॉनमध्ये वेगळीच गंमत आहे. डी३४००, डी३५००, डी५६०० या कॅमेऱ्यांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. जुनी एएफ-डी लेन्स (तिच्यात स्वतःची मोटर नसते) स्वस्तात मिळते, बसते पण छान, आणि मग ऑटोफोकस काही होत नाही, रिंग हाताने फिरवत बसा. निकॉनच्या लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी पाहिजे. डी७००० च्या घरातल्या बॉड्यांना मोटर असते, त्यांना एएफ-डी पण चालते.

आणि सेन्सर, म्हणजे आतला फोटो टिपणारा तुकडा. आपल्यातल्या बहुतेकांकडे क्रॉप सेन्सर असतो, म्हणजे फुलफ्रेमपेक्षा लहान. कॅननला १.६ ने आणि निकॉन, सोनी, फुजीला १.५ ने गुणायचं, म्हणजे फुलफ्रेमच्या हिशोबात किती ते कळतं, १८ एमएम निकॉनवर २७ सारखी दिसते. एवढंच. यापेक्षा जास्त गणित करायची गरज नाही, पण पुढची पायरी समजायला हे लागतं.

पायरी ३: रुंद बाजू, आणि माझी चूक

मी पहिली झूम घेतली ती जुनी फुलफ्रेमसाठी बनवलेली होती, २८ पासून सुरू होणारी, कोणीतरी म्हणालं फुलफ्रेमची काच भारी असते आणि मला ती स्वस्तात मिळाली. मी खूश. पुढच्या रविवारी आम्ही चांगदेवला गेलो, तापी-पूर्णेच्या संगमावरचं ते हेमाडपंती मंदिर, आणि मी मंदिरासमोर उभा राहून मागे सरकतोय, मागे सरकतोय, पाठ भिंतीला टेकली तरी मंदिर काही फ्रेममध्ये मावेना. मित्राने मोबाईल काढला, जागेवरून उभा फोटो घेतला आणि चहा प्यायला निघून गेला.

का झालं ते आकड्यात सांगतो. निकॉन किंवा सोनीचा क्रॉप कॅमेरा घेऊन भिंतीपासून १० फुटांवर उभे राहा. १६ एमएमवर साधारण साडेचौदा फूट रुंद भिंत फ्रेममध्ये येते, १८ वर १३ फूट, आणि २८ वर साडेआठ पण नाही. १६ आणि १८ मध्ये नुसता दोनचा फरक दिसतो पण प्रत्यक्षात ते दीड फूट आहे, म्हणजे ग्रुप फोटोत काठावरचे काका आत येतील का बाहेर राहतील एवढा. तिकडे लांबच्या टोकाला २५० आणि ३०० मध्ये ५० चा फरक असून डोळ्याला फार जाणवत नाही.

म्हणून नियम साधा ठेवा, क्रॉप कॅमेऱ्यावर १८ च्या वरून सुरू होणारी लेन्स फिरायला घ्यायची नाही. फुलफ्रेमवर २४ पासून पाहिजे, २८ चालवून घेता येतं. जुनी गल्ली, वाडा, पाटणादेवीचं मंदिर, शेवभाजीच्या ढाब्याची खोली, सगळीकडे मागे सरकायला जागाच नसते.

पायरी ४: मग लांब किती?

सारंगखेड्याचं उदाहरण घ्या. दत्तजयंतीला तापीकाठी घोडेबाजार भरतो, तिथे आपण कॅमेरेवाले सगळे जाऊन पडतो. बाजारात घोडा अक्षरशः हाताच्या अंतरावर असतो, मध्ये दोर, मालक, गवताच्या पेंढ्या आणि गर्दी. तिथे १८ ते ३५ मध्येच निम्मं काम होतं. मालकाचा चेहरा, पागोटं, घोड्याचा डोळा, याला ५० ते ९०. मोकळ्या जागेत घोडा पळवून दाखवतात तेव्हा १०० ते १३५. एका वर्षी आमच्यातला एक जण मोठी सुपरझूम (रुंदपासून फार लांबपर्यंत जाणारी एकच लेन्स) घेऊन आला, पूर्ण बाहेर काढली की हातभर दिसायची, तर एक आजोबा शांतपणे जवळ येऊन म्हणाले, "हाई काय दुरबीन शे का भाऊ?" त्यानंतर दिवसभर लोक घोडे सोडून त्याच्याकडेच बघत होते, नैसर्गिक फोटो मिळायचा प्रश्नच मिटला.

१३५ किंवा १४० क्रॉपवर म्हणजे फुलफ्रेमच्या हिशोबात २०० च्या आसपास, फिरायला भरपूर झालं. ललिंगच्या किल्ल्यावरून खाली मुंबई-आग्रा हायवे टिपायचा असेल, तेवढ्याला पुरतं.

सुपरझूमला मी अगदीच शिव्या देत नाही. धुळीत लेन्स बदलावी लागत नाही हा तिचा मोठा फायदा, आणि ज्याला एकाच दिवसात देऊळ पण पाहिजे आणि झाडावरचा घुबड पण, त्याला ती सोयीची आहे. टॅमरॉनची १८-४०० घ्या, एका लेन्समध्ये सगळं. पण ती ७०० ग्रॅमच्या वर जाते, लांबच्या टोकाला एफ/६.३ होते, म्हणजे उजेड कमी घेते, आणि तिथे फोटो थोडा मऊ येतो. हातात धरून फोटो हलू नये म्हणून शटरचा वेग निदान १ भागिले फुलफ्रेमच्या हिशोबातली फोकल लेंथ एवढे सेकंद तरी पाहिजे, म्हणजे कॅननवर ४०० गुणिले १.६, झाले १/६४०. भर उन्हात होतं, पाच वाजल्यानंतर आयएसओ (सेन्सरची उजेड पकडायची ताकद) वाढवत बसा. स्टॅबिलायझेशन मदत करतं, पण ते तुमचा हात थांबवतं, घोडा थांबवत नाही.

पायरी ५: उजेड किती लागतो ते ठरवा

लेन्सवर एफ/३.५-५.६ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ रुंद बाजूला ती एफ/३.५ एवढी उघडते आणि झूम करत गेलं की आपोआप ५.६ वर येते. काही लेन्स सगळीकडे एफ/२.८ असतात. ५.६ पेक्षा २.८ ला चारपट उजेड आत येतो.

आता आपल्या खान्देशात उन्हाची काही कमी नाही, दिवसा ५.६ काय आणि ८ काय, फरक पडत नाही. फरक पडतो घरात आणि रात्री. श्रावणात घरी कानबाई (आपली खान्देशची देवी) बसते त्या रात्रीचा विचार करा. खोलीत एक ट्यूबलाइट, समया, बायकांची गाणी, आणि तुम्हाला फ्लॅश मारायचा नाही कारण सगळा मूड जातो आणि आई ओरडते ते वेगळंच. आयएसओ ३२०० वर एफ/५.६ ला समजा शटर १/१५ येतोय, तर गाणाऱ्या काकूंचा चेहरा हललेलाच येणार. त्याच जागी एफ/२.८ वर १/६० मिळतो, बसलेल्या माणसाला पुरतो. फुगड्या सुरू झाल्या की १/६० पण कमी, तिथे १/२५० च्या पुढे पाहिजे, मग आयएसओ अजून चढवा नाहीतर हललेलं पण छान दिसतं म्हणून सोडून द्या.

तर इथे दोन रस्ते फुटतात. दिवसा जास्त फिरता तर १८-१३५ टाइपची लांब पण थोडी अंधारी लेन्स. घरातले कार्यक्रम, देवळं, रात्रीचा बाजार जास्त असेल तर १७-५० किंवा १७-७० एफ/२.८, लांब कमी जाते पण अंधारात टिकते. दोन्ही एकत्र, हलकं आणि स्वस्त असं अजून कोणी बनवलेलं नाही, दुकानदार काही का म्हणेना.

पायरी ६: हातात घेऊन बघायच्या गोष्टी

वजन आधी. ३०० ग्रॅमची लेन्स विसरून जाता येते, ५०० ग्रॅमची दुपारपर्यंत जाणवते, ७०० ची मान सांगते.

जवळून किती घेते हे फार कमी लोक विचारतात, आणि मला तर हे लांबच्या टोकापेक्षा महत्त्वाचं वाटतं. बऱ्याच १८-१३५, १८-१४० लेन्स ४० ते ४५ सेंटीमीटरच्या आत फोकस करत नाहीत. हे अंतर लेन्सच्या तोंडापासून नाही, आतल्या सेन्सरपासून मोजतात. तरी ढाब्यावर समोर भरीत, कळण्याची भाकरी, वरून कांद्याची पात आलीय आणि तुम्ही खुर्ची मागे ढकलताय, असं होतं. सिग्माची १८-५० एफ/२.८ रुंद बाजूला १२ सेंटीमीटरच्या आसपास येते, म्हणजे भाकरीला जवळजवळ टेकायलाच.

झूमची रिंग फिरवून बघा, खरखर नको. लेन्स पूर्ण आखूड करून खाली तोंड करून धरा, आपोआप घसरून लांब होते का? जुन्या सुपरझूमचा हा नेहमीचा रोग, गळ्यात लटकवून चाललं की सोंडेसारखी खाली येते. काही लेन्सना त्यासाठी लॉकचं बटण असतं.

पायरी ७: नावं सांगा म्हणाल तर

किमती मुद्दाम लिहीत नाही, सेलमध्ये आठवड्याला बदलतात. नवीन, जुनी, दोन्ही किमती बघून ठरवा.

कॅनन डीएसएलआर असेल तर ईएफ-एस १८-१३५, एसटीएम किंवा यूएसएम, डोळे झाकून. ५०० ग्रॅमच्या आसपास वजन आणि जुन्या बाजारात पण दिसते. १५-८५ मिळाली तर अजून छान, १५ पासून सुरू होते. अंधारासाठी सिग्मा १७-५० एफ/२.८, ही निकॉनला पण येते. निकॉन डीएसएलआरला १८-१४०. १६-८० एफ/२.८-४ फार सुंदर आहे पण खिशाला विचारा.

मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेले नवीन कॅमेरे) गोष्टी हलक्या झाल्यात. सोनीची १८-१३५ फक्त ३२५ ग्रॅम आहे, कॅननची आरएफ-एस १८-१५० त्याच्याहून थोडी हलकी, ३१० च्या आसपास, निकॉन झेड डीएक्स १८-१४० पण ३१५ च. आर१० किंवा झेड५० घेणाऱ्याने किटमध्येच ही लांब लेन्स मागावी, वेगळी घेण्यापेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडते. एफ/२.८ पाहिजे तर सिग्मा १८-५०, २९० ग्रॅम, पण तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही, आणि ए६४००, आर५०, आर१० यांच्या बॉडीत पण नाही, म्हणजे हात स्थिर पाहिजे. टॅमरॉन १७-७० एफ/२.८ मध्ये स्टॅबिलायझेशन आहे, वजन ५२५, सोनी आणि फुजीवाल्यांनी नक्की हातात घेऊन बघावी.

फुलफ्रेमवाल्यांना २४-१०५ एफ/४, निकॉन झेडला २४-१२० एफ/४. विषय संपला.

पायरी ८: जुनी घेताना मोबाईलचा टॉर्च

नवीनच घ्यायची असेल तर बिल आणि भारतातली वॉरंटी आहे का एवढं बघा, बिलाशिवाय स्वस्त देणारा माणूस नंतर फोन उचलत नाही. जुनीत मजा आहे, पण हे करा.

दोन्ही टोपणं काढा. अंधाऱ्या कोपऱ्यात जा, लेन्सच्या मागच्या बाजूने टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा, सरळ बघितलं तर काही दिसत नाही आणि डोळे दिपतात. हळूहळू फिरवा. दोन-चार धुळीचे कण दिसतील, ते सगळ्यांत असतात, सोडून द्या. मला एकदा एक १८-१३५ दाखवली होती, वरून नवीकोरी, डबा, बिल सगळं. टॉर्च मारला तर आतल्या काचेच्या काठाला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे, काठाकडून मध्याकडे निघालेले. फंगस, म्हणजे बुरशी. विकणारा म्हणे ते कोटिंग असतं साहेब. कोटिंगला फांद्या फुटत नाहीत. मी लेन्स परत ठेवली आणि चहा पिऊन आलो. काच नुसती धुरकट, दूध सांडल्यासारखी दिसली तरी तेच, घ्यायची नाही.

मग कॅमेऱ्यावर लावा. माउंटला हलवून बघा, ढिली नको. सगळ्यात रुंद, मध्ये आणि सगळ्यात लांब, तिन्हीकडे ऑटोफोकस जवळून लांब करून बघा. शेवटची परीक्षा वर्तमानपत्राची. दोन पानं उघडून भिंतीला चिकटवा, कॅमेरा एकदम सरळ धरा, शक्य तर ट्रायपॉडवर, लेन्स पूर्ण उघडी (सगळ्यात लहान एफ-आकड्यावर) ठेवून फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून चारही कोपरे वाचा. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर लेन्सचा स्वभाव आहे. पण डावीकडची अक्षरं स्वच्छ आणि उजवीकडची पुसट असतील तर आधी कॅमेरा तिरका नव्हता ना ते परत बघा, आणि तरी तसंच आलं तर ती लेन्स कधीतरी पडलेली आहे किंवा आतली काच सरकलीय. फिल्टरचा व्यास पण लिहून घ्या, ५५, ६७ असा पुढे आकडा असतो, नाहीतर फिल्टर चुकीचा येतो. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडाला लावायची सावली, मिळत असेल तर मागा, आपल्या उन्हात तो यूव्ही फिल्टरपेक्षा जास्त कामाचा.

पायरी ९: धूळ, ऊन आणि कूलर

झूम करताना जी लेन्स लांब होते ती हवा आत ओढते आणि हवेबरोबर धूळ. कापसाच्या जिनिंगमध्ये किंवा बाजारात फोटो काढून आलात की आत घ्यायच्या आधी, म्हणजे लेन्स आखूड करायच्या आधी, नळीवर ब्लोअर मारा आणि मऊ ब्रश फिरवा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. लेन्स बदलायचीच असेल तर कॅमेरा बंद करून, तोंड खाली करून, गाडीत बसून.

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) दिवसांत भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा बंद गाडीच्या डॅशबोर्डवर कॅमेरा ठेवून जेवायला जाऊ नका, आतलं ग्रीस पातळ होऊन उजेड कमी-जास्त करणाऱ्या पात्यांवर येऊ शकतं.

फंगस पावसाळ्यात होतो हे सगळ्यांना माहिती आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पण होतो, कारण कूलर. खोलीभर ओली हवा आणि त्याच खोलीतल्या कपाटात महिनोन्‌महिने बंद बॅग. बॅगेतून काढून घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरा. रंग बदलणारे निळे दाणे मिळतात, ते गुलाबी झाले की बदलायचे. ते घरातल्या भाकरीच्या तव्यावर भाजून परत निळे करायचा उद्योग मात्र करू नका, त्यात कोबाल्ट असतं.